वन्संची मोटार घाट चढली

पळवून नेलं? कोणी, कोणाला? — बसा भटजीबुवा, आधी बसा, उन्हातून आलात. त्या खांबाला मात्र टेकू नका हो, वंगण लागलंय त्याला, धोतराला लागलं की जन्मात निघत नाही, आमच्या घरातली सगळी धोतरं आता वाघासारखी पट्ट्यापट्ट्यांची झालीत — हं, तर काय म्हणत होतात? आमच्या वन्संना त्यांच्या सख्ख्या भावानं सासरहून मोटारीत घालून पळवून नेलं, असं तुमचे भैयासाहेब धामनोदभर सांगत सुटलेत? आणि त्यांच्या घरचे उपाध्ये म्हणून तुम्हाला पाठवलंय, की जा धारला, आमची वहिनी परत घेऊन या? अहो, वहिनी म्हणजे काय घाटात विसरलेली छत्री आहे? — नाही, मला यातलं काही ठाऊक नाही. मी बापडी घरात होते. हे देवासला गेलेत, वन्संही तिकडेच, सासूबाई, आमच्या माई, आत जप करताहेत आणि त्यांना ऐकू येत नाही — म्हणजे नको ते तेवढं येतं — तेव्हा मीच काय ते सांगायची. पण सगळं ऐकीव हं. माझ्या नावावर धामनोदात काही घालू नका.

वन्सं म्हणजे यांची पाठची बहीण. आळी सगळी अक्का म्हणते, मी वन्सं म्हणते. परकर नेसत होत्या तेव्हा तुमच्या धामनोदला दिल्या आणि लुगडं नेसायला लागायच्या आत परत आल्या. नवरा प्लेगात गेला. मी नवी नवरी होऊन या घरात आले तेव्हा एकदा धीर करून विचारलं होतं, वन्सं, त्यांचं तोंड आठवतं का हो? तर म्हणाल्या, ‘मुंडावळ्या आठवतात. मागं कोणीतरी होतं.’ — झालं. एवढाच संसार. आणि त्या मुंडावळ्यांच्या मागच्या माणसापायी जन्मभर लाल आलवण, डोक्यावर वस्तरा आणि एका वेळचं जेवण. भैयासाहेबांच्या वडलांनी तेव्हा पांढऱ्या पायाची म्हणून बैलगाडीत बसवून घाटावर पाठवून दिलं, आणि त्यावर इतकी वर्षं ना पत्र ना निरोप, मेली का जगली विचारायला कुत्रं आलं नाही. तुम्ही आलात ते यंदाच्या श्रावणात. — तुम्हाला कुत्रं नाही म्हटलं हो, बोलण्याची रीत आहे.

आता मोटारीचं. इथल्या एका सरदारांची ती मोटार, नाव नको, मोठी माणसं. त्यांनी हौसेनं विलायतेहून आणवली आणि हौसेनंच मुंज तलावात घातली. बाहेर काढली, पण पुन्हा तिच्यात बसायला कोणी धजेना. मग ती त्यांच्या बागेत चिंचेखाली पडून होती, मागच्या गादीवर एक कोंबडी पिल्लं काढायची. आमचे हे दफ्तरात मोडी लिहिणारे कारकून, जन्मात कधी विळी सरळ केली नाही, पण जातायेता त्या मोटारीकडे बघून उसासे टाकायचे — माझ्याकडे बघून कधी टाकले नाहीत तसले. सरदारसाहेब एकदा वैतागून म्हणाले, ‘गोपाळराव, न्या हो ही एकदाची, डोळ्यांपुढं नको.’ हे त्याच दिवशी बैल घेऊन गेले. आणि आली वरात! पुढं बैलजोडी, मागं मोटार, आणि मोटारीत हे, पगडी घालून ताठ बसलेले, वळण आलं की चाक फिरवताहेत — बैल वळताहेत ते वळताहेतच, पण हेही आपलं गंभीरपणानं चाक फिरवताहेत. आळीतल्या बायका पदर तोंडात कोंबून हसत होत्या. माईंनी दारातूनच विचारलं, ‘कोंबडी उतरवलीस का रे? घरात नको ती.’

गोठ्यात ठेवली. गाय बाहेर, मोटार आत. आणि मग यांनी ती उघडली. उघडायला काय हो, लसूण सोलावी तशी सोलली, गोठाभर पाकळ्या. जोडायची वेळ आली तेव्हा हे मधोमध मांडी घालून बसले ते उठेचनात. वन्सं गोवऱ्या आणायला म्हणून गोठ्यात गेल्या. उभ्या राहिल्या. ‘दादा,’ म्हणाल्या, ‘हे कशावर होतं?’ हे म्हणाले, ‘आठवत नाही.’ ‘मग हे कशात बसतं ते बघू.’ आणि गोवऱ्यांची पाटी पालथी घालून त्यावर बसल्या. भटजीबुवा, मी दारातून बघत होते — दोघंही केस पिकायच्या वयाची माणसं, पण तोंडं बघाल तर भातुकली मांडलेली. एक म्हणायचा हे इथलं, दुसरी म्हणायची तिथलं, मग भांडण, मग अबोला, मग पुन्हा ‘दादा, ते जरा धर.’ काही शहाणपणानं जमलं असं समजू नका. कितीदा चुकलं! एकदा भडका उडाला, वन्संच्या भुवया गेल्या. हँडल उलटं फिरून यांचा हात सुजला, महिनाभर डाव्या हातानं जेवले. आणि सगळं जोडून झाल्यावर एक चक्री उरली. आजतागायत ती कुठली ते कळलेलं नाही, देवळीत ठेवलीय, मोटार तिच्यावाचून चालते आहे.

सुरू झाली त्या दिवसाचं तर बोलायलाच नको. तेल काय घालावं कळेना, तर वन्संनी घातलं एरंडेल. घरात डबा होता, माईंचा. मोटार अशी धडधडली आणि असा धूर सोडला, की आळीभर एरंडेलाचा वास — समोरचे वैद्य तर म्हणायला लागले की माझं दुकान बसलं, लोकांची नुसत्या वासावर पोटं साफ होताहेत. हसू येतंय तुम्हाला? हसा. माई नव्हत्या हसल्या. कारण बंब गळत होता — मोटारीला पुढं एक बंब असतो हो, पाण्याचा — तर त्याला ठिगळ लावायला यांनी देवाचं ताम्हण कापलं. देव पाटावर, ताम्हण मोटारीत. ते होतंय न होतंय तोच चामड्याचा पट्टा. सोवळ्यातल्या बाईनं चामड्याला हात लावला म्हणून माईंनी पाट आपटला. तर वन्सं शांतपणे म्हणाल्या, ‘माई, ऋषी मृगाजिनावर बसायचे ते काय कापसाचं असायचं?’ — आता तुम्ही शास्त्र जाणता, तुम्हीच सांगा. — हं. माईही अशाच गप्प बसल्या होत्या.

मग लागला सुधारणांचा नाद. चालतेय ना, मग चालू द्यावी की नाही? पण नाही. यांना मोटार दिसायला हवी — मखमली बैठक हवी, देवळातल्यासारखा मोठा कंदील हवा, भोंगा असा हवा की आळीच्या तोंडाशी वाजवला तर दफ्तरातला साहेब दचकावा. आणि वन्संना हवी होती ती थांबायला. ‘दादा, भोंगा वाजवून लोक बाजूला होतील, भिंत कशी होईल?’ असं त्यांचं. सुतार खंडोजी यायचा, त्याला एक जण सांगायचा बैठक रुंद कर, दुसरी सांगायची बैठक राहू दे, आधी पायदान मजबूत कर, आणि खंडोजी बिचारा दोघांच्या मधे बिडी ओढत बसायचा. पायानं दाबायची तीन पायताणं आहेत तिला — एक पुढं जायचं, एक मागं जायचं, एक थांबायचं — आणि प्रत्येकाच्या आत एकेक पट्टी आवळली जाते, ती झिजली की संपलं. इथं कुठली मिळायला विलायती पट्टी? वन्संनी डोकं चालवलं. एका सकाळी माई पलंगावर बसायला गेल्या त्या थेट जमिनीवर. पलंगाची नवार मोटारीत गेली होती. पण मोटार थांबायला लागली हो! माईंच्या पलंगाच्या नवारीवर ती थांबते, मागं जाते, पुढं जाते. माई चिडल्या की म्हणतात, ‘माझ्या हाडांवर चालते मेली.’

आणि वन्सं चालवायला शिकल्या त्या अशाच. कोणी शिकवलं नाही, कोणी नको म्हणालं नाही. किल्ल्याच्या चढावर न्यायचे दोघं. तिथंच कळलं ते उलट्याचं. त्याचं असं, की पेट्रोलची टाकी बैठकीखाली आणि यंत्र पुढं. टाकी भरलेली असली तर चढते, पण अर्धी असली आणि चढ उभा असला, की यंत्र होतं वर आणि टाकी राहते खाली, आणि पेट्रोल काय पाण्यासारखंच, ते वर कसं चढणार? ठसका लागल्यासारखं करून बंद पडते. हे लागले बैल शोधायला. वन्सं म्हणाल्या, ‘दादा, तोंड फिरवून बघू या. मागं मागं जाऊ. मग टाकी वर होईल.’ आणि चढली की हो! शेपटीकडून. किल्ल्यावरचा पहारेकरी मालवीत ओरडला, ‘भिया, या गाडी तो उल्टी जई री हे!’ — तर तेव्हापासून दोघांनाही ठाऊक होतं, की अर्ध्या टाकीवर उभा चढ आला तर उलटं जायचं. हे लक्षात ठेवा, — किंवा नका ठेवू, काय करायचंय तुम्हाला.

आणखी एक. न्हाव्याचं. दर पंधरवड्याला यायचा तो, परसात. तर एकदा तो आला आणि नेमकी मोटार फाटकन वाजली, त्याला वाटलं तोफ, वस्तरा टाकून पळाला. पुन्हा आला नाही. आणि त्याला बोलवा असं कोणी म्हणालं नाही. हे नाहीत, मी नाही, आणि तुम्हाला सांगते, माईसुद्धा नाहीत. पदराखाली वन्संचे केस वाढत गेले, कानापर्यंत आले, सगळ्यांना दिसत होते आणि कोणालाच दिसत नव्हते. मी एकदा त्यांच्या डोक्यावरून पदर घसरला तेव्हा बघितलं, मऊ, कुरळे. वंगणाच्या हातानं त्या ते कानामागं सारत होत्या.

आणि मग श्रावणात तुम्ही आलात. आठवतंय ना? याच ओसरीवर बसून पुरण खाल्लंत, आणि वर निरोप सांगितलात — भैयासाहेबांच्या कुटुंबानं अंथरूण धरलंय, घरात माणसं, मुलं, पैपाहुणा, सोवळ्यात रांधायला कोणी नाही, तर वहिनींना आता आपल्या घरी पाठवा. आपल्या घरी! इतकी वर्षं घर आपलं नव्हतं, चूल विझल्याबरोबर आपलं झालं. माई म्हणाल्या, ‘सासरचं बोलावणं आलं, भाग्य म्हणायचं.’ जुनी माणसं, त्यांना वेगळं काय सुचणार? हे उठून चौकात जाऊन उभे राहिले. आणि वन्सं तुम्हाला वाढत होत्या ना, पळी हातात, — तुमच्या लक्षात आलं नसेल, बोटांच्या पेरांत काळं होतं, लिंबानं घासूनही गेलेलं नव्हतं. एवढंच म्हणाल्या, ‘जाईन. पण मोटारीनं.’

गेल्या. घाट उतरताना ब्रेकमधून धूर निघत होता आणि वन्सं हसत होत्या म्हणे. हे त्यांना सोडून परत आले ते भरल्या टाकीनं आले, रीतसर, पुढून चढून. आणि आल्यापासून त्यांचं कशात लक्ष लागेना. गोठ्यात जायचे, मोटारीवर हात ठेवायचे, परत यायचे. बंब पुन्हा गळायला लागला आणि त्याबरोबर हेही. मीच मग कंदील घेऊन जायला लागले. मला काय कळतं त्यातलं, पण माणसानं एकट्यानं मोटारीपाशी बसू नये.

तिकडं धामनोदला पहिल्याच दिवशी काय झालं ते भैयासाहेबांनी सांगितलं का? नसेल सांगितलं. परड्यात पाट मांडून ठेवला होता आणि न्हावी बसवून ठेवला होता. ‘आधी हे उरका, मग स्वयंपाकघरात पाऊल टाका.’ वन्सं पाटावर बसल्या. न्हावी वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर घासत होता तर वन्संनी विचारलं, ‘पट्टा चांगला आहे रे, कुठून घेतलास?’ तो म्हणाला, ‘बई, आप क्यों पूछो?’ तर म्हणाल्या, ‘गाडीला झाला असता.’ न्हाव्याचा हात थांबला म्हणे क्षणभर. मग चालला. मी नंतर विचारलं, रडू आलं का हो? म्हणाल्या, ‘डोक्याला वारा लागला तेव्हा कळलं की गेले. रडायला वेळ कुठला, चुलीवर आधण होतं.’

घ्या, पाणी घ्या. गूळ देऊ? — बरं.

तर दिवाळी आली. भाऊबीज. आता भाऊबीजेला भावानं बहिणीच्या घरी जायचं की नाही? हे तर तुमच्या पोथीतच आहे. हे गेले. मोटारीनं, एकटेच. भैयासाहेबांनी जेवायला घातलं, नाही म्हणू नये. वन्सं आतून वाढत होत्या, ताक वाढताना हळूच विचारलं, ‘नवार टिकलीय का?’ आणि हे म्हणाले, ‘टिकलीय.’ दुसऱ्या दिवशी हे निघाले, गुजरी गाव ओलांडलं, घाटाला लागले आणि पहिल्याच चढावर मोटार ठसकली, बंद. होणारच. टाकीत मी अर्धंच ठेवायला — म्हणजे टाकी अर्धीच राहिली होती. चुकून. दिवाळीच्या गडबडीत राहतं असं. — अहो, बघता काय असे? एरंडेल आहे, पेट्रोल आहे, बाईमाणसाला काय समजतं!

मग यांनी उलटं का नाही चढवलं म्हणता? तुम्ही लक्षात ठेवलंत वाटतं ते. — त्यांची मान आखडली होती. मागं वळून बघता येत नव्हतं. वातच तो. एका गाडीवानाबरोबर यांनी धामनोदला निरोप धाडला, की मोटार अडलीय, ती अक्काशिवाय कोणाचं ऐकत नाही, तेव्हा तिला तेवढं पाठवा. आता ऐका हं, हे महत्त्वाचं. भैयासाहेबांना यात केवढी मौज वाटली! चार मित्र गोळा केले, दमणीला बैल जोडले, आमची वहिनी विलायती मोटार कशी सुरू करते ते बघा म्हणून सगळ्यांना मिरवत घेऊन आले. आणि घाटाच्या पायथ्याशी सगळ्या गाडीवानांदेखत म्हणाले, ‘बसा वहिनी, दाखवा यांना.’ स्वतः म्हणाले. वन्संना मोटारीत कोणी बसवलं? तुमच्या भैयासाहेबांनी. हे नीट सांगा धामनोदात.

वन्संनी दारं तपासली, बंबात पाणी घातलं, आलवणाचा पदर कमरेला खोचला, बसल्या. मोटार फिरवून लावली, शेपूट घाटाकडे, तोंड खाली धामनोदकडे. यांनी हँडल मारलं. वन्संनी मधलं पायताण दाबलं, आणि निघाली मोटार मागं मागं, वर वर. पायी चालणाऱ्या माणसाच्या चालीनं, त्याहून जास्त नाही. हे बाजूनं दगड घेऊन चालले होते, थांबली तर चाकाला लावायला. आणि भैयासाहेब पुढ्यात, बंबासमोर, टाळ्या वाजवत — शाबास वहिनी! मित्र हसताहेत, गाडीवान बैल सोडून बघायला आलेत. तोंड सासरकडे आणि मोटार माहेरकडे, अशा वन्सं चालल्या. त्या मागं बघतच नव्हत्या. बघायचं कारणच नव्हतं, मी मागच्या बैठकीवर गुडघे टेकून ओरडत होते ना — डावं घ्या वन्सं, डावं, आता सरळ, दरी उजवीकडे, सरळ...

हो. होते मी. बरं, मग? भाऊबीजेला नणंदेकडे भावजयीनं जायचं नाही असं कुठं लिहिलंय? गुजरीला उतरून राहिले होते, घरात आले नाही, म्हणून तिथं कोणी पाहिलं नाही, आणि घाटात पदर तोंडावर होता, कोण ते कोणाला कळलं? आता निघालंच आहे तोंडातून तर ऐका सगळं, माझ्याइतकं नीट कोणी सांगायचं नाही तुम्हाला.

पहिलं वळण गेलं तशा टाळ्या थांबल्या. भैयासाहेब म्हणाले, ‘पुरे वहिनी, उतरा.’ वन्सं म्हणाल्या, ‘पाय काढला तर अंगावर येईल हो, जरा बाजूनं चाला.’ चालले बाजूनं. मग म्हणाले, ‘घरी भात राहिलाय.’ वळण. मित्र मागं पडले, धापा टाकायला लागले. भैयासाहेबांनी टोपी काढून हातात घेतली — ‘वहिनी, तुम्हाला माजघराशेजारची खोली देतो, वेगळी.’ वळण. ‘न्हावी बंद करतो. ठेवा केस, हवे तर.’ — तेव्हा मात्र वन्संनी त्यांच्याकडे पाहिलं, भटजीबुवा. मी मागं होते, मला तोंड दिसलं नाही, पण मान दिसली. बोडकी, घामेजलेली, ताठ. नवार जळायचा वास यायला लागला होता, मला वाटलं आता सुटते, आता आपण सगळे खाली. हे दगड पोटाशी धरून पळत होते, आणि मान अशी गरागरा मागं-पुढं फिरत होती — हो, बरी झाली होती मान. घाटातल्या हवेनं.

मग भैयासाहेब भडकले. यंत्राचा आवाज एवढा की काही ऐकू येईना. ते ओरडले, ‘अशा गेलात तर पुन्हा दारात उभं करणार नाही!’ वन्संनी कानाशी हात नेला — ‘काय?’ ते आणखी जोरात ओरडले, ‘पुन्हा दारात उभं करणार नाही!’ ‘ऐकू येत नाही हो भावजी!’ तर रस्त्याच्या मधोमध उभे राहून, हात वर करून, घसा फाटेपर्यंत ओरडले, ‘वहिनी! तुमचा आमचा संबंध संपला!’ घाटभर घुमलं. खालचे गाडीवान, वरून उतरणारे कापसाचे गाडे, सगळ्यांनी ऐकलं. आणि वन्संनी मान लववून नमस्कार केला, हात चाकावर होते म्हणून मानेनंच, आणि म्हणाल्या, ‘बरं.’ ते मग मैलाच्या दगडावर बसले. लहान लहान होत गेले. आम्ही त्यांच्याकडे तोंड करूनच चाललो होतो, त्यामुळं शेवटपर्यंत दिसत होते.

घाटमाथ्यावर थांबलो. वन्सं उतरल्या आणि खाली बसल्या. सबंध घाटभर एकच पायताण दाबलेलं, पाय असा थरथरत होता की दोन्ही हातांनी धरून ठेवावा लागला. त्याला धरून हसायला लागल्या. हसता हसता रडायला लागल्या. लग्नात रडल्या नव्हत्या, नवरा गेला तेव्हा रडल्या नव्हत्या, न्हाव्यापुढं रडल्या नव्हत्या. मी जवळ गेले तर म्हणाल्या, ‘पाय दुखला गं, सुमंगल.’ असेल. पाय दुखला असेल. हे दगड अजून धरूनच उभे होते, खाली ठेवायचा असतो हे विसरले होते.

घरी आलो तर दारात माई. आम्हाला वाटलं आता आभाळ कोसळतं. माईंनी वन्संकडे पाहिलं, पदर घसरलेला होता, डोकं पाहिलं. आत गेल्या. भाकरीचा तुकडा नि पाणी घेऊन आल्या आणि ओवाळून टाकला. विधवेवरून कोणी ओवाळतं का, तुम्ही म्हणाल. आळीतल्या एकीनं म्हटलंच. माई म्हणाल्या, ‘मोटारीवरून ओवाळला. नवार माझी आहे तिच्यात.’ पण मी शेजारीच उभी होते. तुकडा कोणावरून फिरला ते मी पाहिलंय. आणि एवढं झाल्यावर तुम्ही मला शास्त्र सांगणार?

आता देवासचं विचारता? तिथं तुम्हाला ठाऊकच आहे, रस्त्याच्या या अंगाला थोरली पाती, त्या अंगाला धाकटी, दोन राज्यं, मधे एक गटार. थोरल्या पातीतले एक बडे गृहस्थ, त्यांची मोटार रुसली होती. कोणी तरी घाटाची गोष्ट सांगितली, बोलावणं आलं. वन्संनी चालू केली. तर समोरच्या धाकट्या पातीतले म्हणाले, आमची तिच्यापेक्षा जोरात पळाली पाहिजे. ती केली. आता त्यांचं आलटून पालटून चाललंय, एकाची नीट करून परत येतात तोवर दुसऱ्याचं माणूस ओसरीवर. तुम्ही बसलायत ना, तिथंच. हे बरोबर जातात, पेटी धरतात, आणि भोंग्याबद्दल आपलं मत देतात, ते कोणी विचारत नाही. आणि केस म्हणाल तर वाढताहेत. टोचतात म्हणतात, पण वाढताहेत.

काय? भैयासाहेबांना काय सांगू? अहो, मी काय सांगणार, मला काही ठाऊकच नाही म्हटलं ना सुरुवातीलाच. त्यांचं त्यांना विचारा, आल्याच त्या, — तो धडधडाट ऐकू येत नाही? आळीच्या तोंडाशी. या आळीत वळायला जागा नाही, म्हणून उलटीच आत आणतात, थेट ओसरीपर्यंत. तुम्ही बसलायत तिथपर्यंत. — अहो, पंचांग राहू द्या, आधी पाय उचला! त्या मागं बघत नाहीत म्हटलं ना, मी ‘थांबा’ म्हणेन तेव्हाच थांबतात. आणि मी काही म्हणायची नाही. उठा.